दोन वर्षांचा बछेरा आणि चार महिन्यांचं शिंगरू: हाताळणीपासून स्वारीपर्यंतचा क्रम कसा ठेवावा?

नीरेकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. शेतावर दोन जनावरं आहेत. एक मारवाडी बछेरा, डिसेंबरात सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला. विकणाऱ्याने तीन वर्षांचा म्हणून सांगितला होता. डॉक्टरांनी ओठ वर करून पाहिलं तर समोरचे सगळे दात दुधाचे, मधली जोडीसुद्धा पडलेली नाही. उंची 145 सेंमीच्या आसपास. दुसरं, भीमथडी जातीच्या घोडीचं चार महिन्यांचं शिंगरू, मादी आहे, अजून आईला पितंय.

बछेरा म्होरकी घालून घेतो, खरारा करून घेतो, पुढचे पाय देतो. मागच्या पायाला हात गेला की लाथ. खांबाला बांधला की सगळं वजन मागे टाकून रेटतो, दोर किंवा म्होरकी तुटेपर्यंत. गावातले जाणते म्हणतात, नांगरटीत तासभर पळव, दमला की खोगीर टाक आणि बस, आठ दिवसांत तयार होतो. नाही ऐकला तर काटेरी लगाम घाल. मला हे पटत नाही, पण योग्य क्रम कोणता तेही नीट माहीत नाही.

विचारायचं ते असं: बसायचं केव्हा? त्याआधी काय काय झालेलं असावं? बांधण्याचं आणि मागच्या पायांचं काय करू? आणि शिंगराला आत्तापासून किती हात लावावा? माझं वजन 72 किलो आहे.

---

खूर_आणि_दात

आधी वयाचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर आहे. मधली कायमची जोडी साधारण अडीच वर्षांनी येते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कोपऱ्याची साडेचारला. म्हणजे तुमचा बछेरा अजून अडीचचा झालेला नाही. 145 उंची पाहून फसू नका. उंची लवकर येते, हाड मागाहून पिकतं. वाढीच्या पट्ट्या (हाड जिथून वाढतं तो टोकाजवळचा मऊ भाग) खालून वर बंद होत जातात: खुराजवळची हाडं पहिल्या वर्षात, पुढच्या गुडघ्याच्या वरची पट्टी दोन ते अडीचच्या पुढे, आणि पाठीचे मणके सगळ्यात शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. तुम्ही बसणार नेमके त्या मणक्यांवर.

याचा अर्थ तोवर कोंडून ठेवा असा नाही. मोकळं फिरणारं, उताराला चढउतर करणारं शिंगरू हाडाने घट्ट होतं. तबेल्यात उभं ठेवलेलं होत नाही.

वजनाचा अंदाज टेपने काढा. छातीचा घेर (कोपरामागून, सेंटीमीटरमध्ये) गुणिले तोच घेर, गुणिले लांबी (खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत), भागिले 11,880. घेर 155 आणि लांबी 145 भरली तर वजन 293 किलो येतं. पाच-दहा टक्के इकडेतिकडे होईल. कोवळ्या घोड्यावर स्वार आणि खोगीर मिळून 15 टक्के धरायचं, म्हणजे 44 किलो. मोठा झाल्यावर घेर 165, लांबी 150 झाली तर 344 किलो, आणि तेव्हा 20 टक्के म्हणजे 69. तुम्ही 72, वर खोगीर सात-आठ किलो. सरळ सांगतो, पहिलं वर्ष तरी स्वार दुसरा शोधा, हलका आणि हात शांत असलेला. भीमथडीचं शिंगरू मोठं होऊनही टट्टूच राहणार, तिथे हा हिशोब आणखी कडक आहे.

खाण्याचं विचारलं नाहीत, पण सांगतो. दोन वर्षांच्या घोड्याला घमेलंभर गव्हाचा कोंडा घालायची सवय आपल्याकडे फार आहे. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दहापट असतो. रोज भरपूर गेला तर शरीर हाडातलं कॅल्शियम काढून घेतं, चेहऱ्याची हाडं फुगतात, घोडा लंगडायला लागतो. रोज त्याच्या वजनाच्या 2 ते 2.5 टक्के कोरडा आहार, त्यात मोठा वाटा चाऱ्याचा: कुट्टी, वाळलं गवत, सोबत लसूणघास. हरभरा मुठीच्या मापाने. कोवळी हिरवी ज्वारी मात्र घोड्याला नकोच. पुढच्या गुडघ्याच्या वर गरम, टणक सूज दिसली तर दाणा कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. ताकदीपेक्षा जास्त खाऊन आलेली वाढ तिथे आधी दिसते.

धनुर्वाताची लस झाली नसेल तर शिकवणी सुरू करण्याआधी द्या: 4 ते 6 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग वर्षाला एक. दोराने सोललेली कातडी किंवा खुरात गेलेला खिळा एवढं घोड्याला धनुर्वात व्हायला पुरतं.

बछेरा पैदाशीसाठी ठेवणार नसाल तर आत्ताच खच्ची करून घ्या. आपल्याकडे मारवाडी खच्ची करणं म्हणजे किंमत घालवणं असं मानतात. पण नवशिक्याच्या हातात अडीच-तीन वर्षांचा सांड आणि शेजारच्या रानात घोडी, ही जोडी बरी नाही.

काटेरी लगाम चांगला की वाईट हा वाद घालायचीही गरज नाही. ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांच्या क्रूरता प्रतिबंधक नियमांनी (1965) स्वारीसाठी किंवा हाकण्यासाठी खिळे-काटे असलेलं बिट (लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग) वापरायला मनाईच आहे.

---

चाबुकस्वार

वरच्या उत्तरातलं वय आणि वजन डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

नांगरटीचं आधी. दमवून घोडा बसू देतो, हे खरं. पण तो शिकलेला नसतो, थकलेला असतो. महिन्याभराने दम वाढला की तोच घोडा दीड तास पळतो आणि मग तुम्हाला दोन तासांचं रान लागतं. शिवाय भुसभुशीत ढेकळांत कोवळ्या पायांच्या शिरा (कंडरा) ताणल्या जातात, त्या पुढे कधी पूर्ण बऱ्या होत नाहीत.

घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणाने शिकतो. दोर, हात, पाय, काठी, सगळ्याला हेच लागू. त्याने बरोबर हालचाल सुरू केली की सेकंदाच्या आत ढील द्यायची. उशिरा सोडलं तर तो मधल्या भलत्याच गोष्टीचं उत्तर शिकतो. तुमच्या बछेऱ्याला सध्या येतं ते एवढंच: जोरात रेटलं की दोर सुटतो, लाथ मारली की हात जातो. दोन्ही त्याला माणसांनीच शिकवलंय.

*बांधणं.* काही आठवडे त्याला कुठेही पक्का बांधू नका. आधी मानेवर दाब आला की नमायला शिकवा. म्होरकीखाली दोर धरून हलका, एकसारखा ताण खाली द्या. झटके नकोत. डोकं बोटभर खाली आलं की हात उघडा. हे सहज जमलं की तसाच ताण पुढे द्या, एक पाऊल आलं की ढील. डावीकडे, उजवीकडे तेच. मग पाच-सहा मीटरचा जाड सुती दोर पक्क्या खांबाला नुसता एक वेढा देऊन दुसरं टोक हातात ठेवा. तो मागे गेला तर दोर घासत सरकेल, ताण मात्र राहील. पुरता अडकल्यासारखं त्याला वाटता कामा नये. मागून एका माणसाने काठी जमिनीवर आपटून पुढे काढायचा, पुढे आला की दोर सैल. याला दिवस लागतात, पण एकदा बसलं की बसलं.

पुढे बांधाल तेव्हा खांद्याच्या उंचवट्याएवढ्या उंचीवर, हात-दीड हात दोर ठेवून, आणि सुरगाठच. निरगाठ घातली की पडलेल्या घोड्याखाली ती सोडवत बसावं लागतं. खांब आणि दोर यांच्यामध्ये सुतळीचं एक वेटोळं ठेवा, फारच बिथरला तर ते तुटावं. अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना दोर बांधणं) जुनी पद्धत आहे, पण पिछाडी घोड्याला उभं राहायला शिकवत नाही, हलू देत नाही इतकंच.

*मागचे पाय.* हाताने सुरुवात करू नका. सव्वा मीटरच्या बांबूच्या टोकाला जुना हातमोजा किंवा फडकं बांधा. घोडा बांधलेला नको. सोबत्याने दोर धरावा, आणि तो तुमच्याच बाजूला उभा असावा, म्हणजे डोकं तुमच्याकडे वळवलं की मागचा भाग तुमच्यापासून दूर जातो. फडकं पुठ्ठ्यावरून खाली चोळत न्या. लाथ आली तरी फडकं तिथेच. पाय जमिनीवर शांत टेकला, की काढा. लाथेला घाबरून काढलं तर आजचा धडा उलटा झाला. दोन्ही बाजू फडक्याला कंटाळल्या की मग हात.

हात ठेवताना उभं राहायचं ते कमरेला लागून, तोंड शेपटीकडे. एक तर अंगाला चिकटून राहा, नाहीतर तीन मीटर लांब. मधल्या अंतरावर लाथ पूर्ण जोराने बसते. पाय आधी किंचित पुढे उचला, दोन सेकंद धरा आणि त्याने ओढायच्या आत तुम्हीच खाली ठेवा. नंतर मागे, तोही खाली आणि सरळ रेषेत. बाजूला उंच खेचला की कोवळ्या सांध्याला दुखतं आणि मग नालबंदाला लाथ बसते. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी, फक्त खुरं सारखी करायला. मातीतल्या कामाला नाल लागत नाही.

*जमिनीवरचं काम.* वर्षभराचा खरा धडा हाच. शब्दावर चालणं, शब्दावर थांबणं, दोन पावलं मागे, मागचा भाग बाजूला, खांदे बाजूला. शब्द ठरलेले ठेवा, 'चल' म्हणजे चल, 'हो' म्हणजे थांब, घरातल्या प्रत्येकाचे तेच. एका वेळी 15 मिनिटं, हवं तर दिवसातून दोनदा, उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. लाँजिंगवर (लांब दोरावर गोल फिरवणं) मात्र हात आखडता ठेवा. लहान वर्तुळात आतल्या पायांवर भार येतो, म्हणून वर्तुळ 18-20 मीटर व्यासाचं आणि दोन्ही बाजू मिळून दहा मिनिटांवर नाही.

*तोंड आणि पाठ.* मधले कायमचे दात पूर्ण वर आले की, म्हणजे वयाच्या तीस महिन्यांच्या पुढे, बिट. त्याआधी डॉक्टरांकडून दाढांच्या पुढचा बारीक दात (असला तर) आणि हलणाऱ्या दुधाच्या दाढा बघून घ्या. अडीच ते चार या वयात दाढा पडत असतात, त्यावर लोखंड आदळलं की घोडा डोकं झटकतो आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. बिट गुळगुळीत स्नॅफल (साधी, सौम्य कडी), तोंडाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर जास्त. ओठाच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडतील इतकं वर. सुरुवातीला वाद्या (हातात धरायचे लगामाचे पट्टे) न लावता 15-20 मिनिटं, नजरेसमोर.

पाठीवर आधी घडी घातलेलं घोंगडं आणि पट्टा. तंग (पोटाखालचा पट्टा) एका दमात आवळू नका: एक छिद्र, दहा पावलं, पुन्हा एक छिद्र. पहिल्या दिवशी करकचून आवळलेल्या घोड्याची पाठ आयुष्यभर ताठ राहते, खोगीर दिसलं की फुगतो. मग खोगीर, आधी रिकिबीशिवाय, मग रिकिबी लोंबत्या ठेवून. मारवाडीचा खांद्यावरचा उंचवटा उंच आणि पाठ अरुंद असते. बाजारातली रुंद खोगिरं नेमकी त्या हाडावर टेकतात. स्वार बसल्यावरही तिथे दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. तंग कोपरामागे चार बोटं.

मग दोन लांब दोर, सात-आठ मीटरचे, बिटाच्या कड्यांपासून रिकिबींतून मागे तुमच्या हातात. घोडा पुढे, तुम्ही मागे थोडं बाजूला. वळणं, थांबणं, बांधावरून जाणं, पाण्याचा पाट ओलांडणं, सगळं तो पाठ मोकळी असताना शिकतो. हा टप्पा लोक गाळतात, आणि पहिल्या दिवशी स्वार वर, पण घोड्याला वळायचंच माहीत नाही, अशी गत होते.

*बसणं.* तीन ते साडेतीन वर्षं. दोन माणसं, बंद जागा, वाळू किंवा माती. स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट, पायात टाचेचे बूट, वादी हाताला गुंडाळायची नाही. ओट्यावर उभं राहून आधी पोटावर आडवं पडायचं, डावीकडून आणि उजवीकडून. दोन पावलं चालवायचा, उतरायचं. डोळे, कान, श्वास सैल असले तरच पाय पलीकडे. पाय टाकताना पुठ्ठ्याला घासू नये. एकदम ताठ बसू नका, हळू उठा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, जमिनीवरच्या माणसाच्या शब्दावर. नंतर तोच शब्द वरून, मग शब्दाबरोबर पोटरीचा हलका स्पर्श. आठवड्याला तीन-चार दिवस, 15-20 मिनिटं, बहुतेक चालच आणि बहुतेक सरळ. दुडकी काही आठवड्यांनी, एक-दोन मिनिटांची. सहा आठवडे झाले की दोन-तीन महिने सोडून द्या. परत धराल तेव्हा तो तिथूनच सुरू करतो, फक्त अंगाने भरलेला.

---

पागेवरची_ताई

शिंगराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

चार महिने हे चांगलं वय आहे. ते हातात मावतं, पण हातावर नाचायला शिकलेलं नसतं. म्होरकीने ओढून चालवू नका. शिंगराची मान नाजूक असते, ओढलं की ते उभं होतं आणि मागे पडतं, डोक्यावर पडलं तर संपलंच. एक हात छातीपुढे, दुसरा ढुंगणामागे, असं धरून आईच्या मागे चालवा. नंतर ढुंगणामागून एक मऊ दोर फिरवून त्याचं टोक म्होरकीच्या दोराबरोबर हातात घ्या. पुढे चालायचा ताण मागच्या दोराचा, म्होरकी फक्त दिशेला.

म्होरकी नाकाच्या हाडावर, खाली दोन बोटं सहज जातील अशी. काम झालं की काढून ठेवा. घोडी मागचा पाय उचलून कान खाजवते तसं शिंगरूही करतं, आणि खूर म्होरकीत अडकतं. नायलॉनची असेल तर तुटतही नाही. शिवाय डोकं वाढत असतं, विसरलेली म्होरकी कातडीत रुतते.

रोज दहा मिनिटं पुरे. कान, तोंडाच्या कडा, पोटाखाली, चारही पाय, एकेक सेकंद उचलून ठेवणं. पहिली खूरसफाई या वयात व्हायलाच हवी. पाय वाकडे वाढत असतील तर ते दुरुस्त करण्याचे महिने आत्ताचेच आहेत. आईपासून तोडणं ती पाच-सहा महिन्यांची झाल्यावर, आणि तोवर शिंगराला स्वतःचा दाणा-चारा खायची सवय लागलेली असावी. तोडल्यावर एकटी ठेवू नका, दुसरं शांत जनावर जवळ हवं.

आणि लाडाने हातातून गूळ भरवणं, अंगावर पुढचे पाय टाकू देणं, हे चार महिन्यांत गोड दिसतं. दोनशे किलोची झाल्यावर तीच सवय माणूस पाडते. खाऊ भांड्यात.

---

नीरेकाठ

सगळ्यांचे आभार. दोन शंका. बांधण्यासाठी ट्रकच्या टायरची ट्यूब मध्ये लावावी असं एकाने सुचवलं, म्हणजे ताण आला तरी दोर तुटत नाही. ठीक आहे का? आणि बछेरा मोकळा सोडला की दुडकीऐवजी रेवाल (हिसके न बसणारी जलद चाल) धरतो. ती टिकवायची असेल तर वर बसल्यावर लगेच रेवालच काढावी का?

---

खूर_आणि_दात

ट्यूब मला आवडत नाही. ताणलेली ट्यूब किंवा तिचा हूक तुटला तर तो थेट डोळ्यावर येतो, घोड्याच्या नाहीतर तुमच्या.

---

चाबुकस्वार

ट्यूब हूकाशिवाय, दोनदा गुंडाळून बांधली तर मी ती वापरलेली चालवून घेईन, पण आधीच दाबाला नमायला शिकलेल्या घोड्याला. रेटणाऱ्याला ट्यूब दिली की तो रेटण्याचा व्यायाम करतो. तुमच्यासाठी खांबाचा वेढाच.

रेवालचं: रक्तात असेल तर ती जात नाही. मारवाडी-काठेवाडीत ती उपजत येते, पाय बांधून किंवा जड नाल ठोकून काढलेली रेवाल कच्चीच राहते. पहिले काही महिने लांब, मोकळी, मान खाली सोडलेली चाल घ्या. कोवळा घोडा स्वाराखाली घाईने रेवाल धरतो तेव्हा बहुतेकदा पाठ खोलगट करून, डोकं वर फेकून धरतो. त्याला तोल सापडलेला नसतो आणि वजनापासून तो पळत असतो. तसं झालं तर 'हो' म्हणून चालीवर आणा, गोल वळवा, पुन्हा सोडा. पाठ सैल असताना तो स्वतःहून रेवालीत गेला तर अडवू नका, वीस-तीस पावलं जाऊ द्या आणि तो मोडायच्या आत तुम्हीच चालीवर आणा.

एक राहिलं. उधळला तर दोन्ही वाद्या खेचून तो थांबत नाही, उलट बिटावर मान टेकवून जास्त पळतो. एकाच वादीने मान वळवून मागचा भाग बाजूला काढायचा, हे उभ्या घोड्यावर, मग चालीवर, दोन्ही बाजूंनी पक्कं झाल्याशिवाय कुंपणाबाहेर नेऊ नका. भर पळत्या घोड्याची मान एकदम वळवली तर तो तुमच्यासकट पडतो, म्हणून वळण मोठ्या वर्तुळातून लहान करत आणायचं.

---

पागेवरची_ताई

बाहेर काढायच्या आधी ढोल-ताशा, ट्रॅक्टर, फडफडणारी ताडपत्री यांची सवय जमिनीवरूनच करा. वस्तू त्याच्यापासून दूर जाऊ द्या आणि त्याला तिच्या मागे चालवा. पाठलाग करणारा घोडा कमी बुजतो. ताशा आधी दोन शेतं पलीकडे वाजू द्या. तो चरणं थांबवणार नाही इतक्या अंतरापासून सुरुवात, आणि चरायला लागला तरच पुढच्या दिवशी जवळ.